गंज पेठेंतील आई

दरवर्षीं जानेवारीच्या तीन तारखेस शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. नऊवारी लुगडें नेसलेली एखादी चिमुकली मुलगी व्यासपीठावर येते, पाटीपुस्तक छातीशीं धरते, आणि तिच्याच दोघीतिघी मैत्रिणी तिच्यावर कागदाचे बोळे फेंकतात. हे बोळे म्हणजे शेणाचे गोळे, असें प्रेक्षकांनीं समजावयाचें असतें. टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि मंडळी घरोघर जातात. २०१४ सालापासून पुण्याच्या विद्यापीठासहि सावित्रीबाईंचें नांव लाभलें आहे. हें सर्व योग्यच झालें. तथापि त्या एका प्रसंगाच्या चौकटींत या थोर बाईंचें सारें आयुष्य कोंबल्यामुळें त्याचा मोठा भाग आपल्या नजरेआड राहतो, असें आम्हांस वाटतें. सावित्रीबाई ६६ वर्षें जगल्या. शाळेच्या ज्या प्रसिद्ध हकीकती सांगितल्या जातात, त्या मुख्यतः पहिल्या दहा वर्षांतल्या. पुढच्या जवळजवळ चाळीस वर्षांत ही शिक्षिका काय करीत होती? पोटीं एकहि मूल न झालेल्या या बाईस इतकीं लेंकरें आईच्या ठिकाणीं कशीं मानूं लागलीं? आणि आमच्या वाचकांच्या दृष्टीनें अधिक नाजूक असा तिसरा प्रश्न : त्या लेंकरांपैकीं कितीजण आपल्यासारख्यांच्याच घरांतून तिच्या दारीं गेलीं?

शाळेचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यांत सांगतों. सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरीं ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० सालीं त्यांचें लग्न तेरा वर्षांच्या जोतीरावांशीं झालें. विद्या मिळाली ती सासरीं, आणि तीहि नवऱ्याकडून. १८४८ सालीं पुण्यास बुधवार पेठेंत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली. येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. ज्या पुण्यांतील ब्राह्मणांनीं या दांपत्याचा छळ केला, त्याच पुण्यांतील कांहीं ब्राह्मणांनीं त्यांस जागा दिली आणि मदतीचा हात दिला. तात्यासाहेब भिडे, सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे, मोरो विठ्ठल वाळवेकर, केशव शिवराम भवाळकर हीं नांवें विसरण्याजोगीं नाहींत. मात्र तीं पुढें करून बाकीच्यांनीं टाकलेलें शेण झांकण्याचा उद्योगहि कोणीं करूं नये.

सासरे गोविंदराव यांना जातीचा व शहराचा रेटा सोसवेना, तेव्हां १८४९ सालीं या नवराबायकोंस राहतें घर सोडावें लागलें. तीन वर्षांनीं, १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं, विश्रामबाग वाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्तें सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत मुक्ताबाई नांवाच्या, मांग समाजांत जन्मलेल्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. आपल्या जातीच्या हालअपेष्टांविषयीं त्या पोरीनें ज्या धारदार मराठींत लिहिलें, ती मराठी तिला फुल्यांच्याच शाळेंत मिळाली होती. कोणत्याहि शिक्षिकेस आपल्या कामाची याहून निराळी पावती नको असते. १८५८ सालीं जोतीरावांनीं शाळांच्या कारभारांतून अंग काढून घेतलें. नेहमींची गोष्ट येथें संपते. आम्हांस जी सांगावयाची आहे, ती येथून सुरू होते.

पण त्याआधींचें एक पत्र सोडून पुढें जाववत नाहीं. सावित्रीबाईंनीं जोतीरावांस लिहिलेलीं तीन पत्रें उपलब्ध आहेत. डॉ. मा. गो. माळी यांनीं १८९८ नंतर बरोबर नव्वद वर्षांनीं, म्हणजे १९८८ सालीं, प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयांत तीं वाचावयास मिळतात. पहिलें पत्र १० ऑक्टोबर १८५६ चें, नायगांवाहून लिहिलेलें. सावित्रीबाई दुखण्यानें माहेरीं आल्या होत्या. भाऊ मनोभावें शुश्रूषा करी. पण बोलतां बोलतां त्यानें पोटांतलें ओठांवर आणलें. महारमांगांसाठीं तुम्ही उभयतां खपतां, हा कुळाला बट्टा आहे. जातिरूढीला धरून राहावें, हें बरें. माहेरीं आलेल्या आजारी बहिणीनें अशा वेळीं भिंतीकडे तोंड करून डोळे मिटावे, हा सर्वसाधारण शिरस्ता. या बाईंनीं तसें केलें नाहीं. मुक्या जनावरांना तूं मायेनें कुरवाळतोस, विषारी नागालाहि दूध घालतोस, मग माणसांनींच तुझें काय केलें, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं भावाला दिलें, आणि विद्येचें महत्त्व समजावून सांगितलें. भाऊ ओशाळला; आईनें लेकीची बाजू घेतली. घर दुभंगलें नाहीं, कोणीं कोणाचें तोंड पाहावयाचें सोडलें नाहीं. चार मतांच्या माणसांनीं एका छपराखालीं नांदणें म्हणजे काय, हें ज्यांना रोज अनुभवावें लागतें त्यांनाच या प्रसंगाची खरी किंमत कळेल. त्याच पत्रांत आपल्या गैरहजेरींत शाळेचा भार सोसणाऱ्या फातिमेविषयींची काळजी आहे. आपण आजारी असतां दुसरीच्या कष्टांची आठवण ठेवणें, हा गुण शिकवून येत नाहीं.

आतां घराकडे वळूं. जोतीराव ठेकेदारी करीत. कात्रजच्या बोगद्यासारख्या मोठ्या कामांत त्यांचा हात होता, मांजरीकडे शेती होती. म्हणजे हें घर मुळांत दरिद्री नव्हतें. तें पुढें जें ओढगस्तीस आलें, तें उधळपट्टीनें नव्हे, तर उघड्या दारानें. परगांवचे विद्यार्थी तेथें राहत, जेवत, शिकत. मुंबईकडील लक्ष्मण कराडी जाया हे गृहस्थ विद्यार्थिदशेंत त्या घरीं राहिले होते. त्यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, सावित्रीबाईंसारखी दयाळू स्त्री आपण दुसरीकडे कोठेंहि पाहिली नाहीं. जन्मदात्या आईहून अधिक माया त्यांनीं आम्हां मुलांवर केली. महादू सहादू वाघोले यांची आठवण याहूनहि बोलकी आहे. दारीं आलेल्या बाईचें लुगडें फाटकें दिसलें, कीं सावित्रीबाई आपलें काढून तिला देत. गोरगरिबांना जेवूं घालण्याला तर हिशेबच नव्हता. खर्च फारच वाढला म्हणजे जोतीराव, त्यांना सारे तात्या म्हणत, जरा आंवरतें घ्यावें असें सुचवीत. त्यावर बाई हंसून एवढेंच विचारीत, कीं जातांना आपल्याला बरोबर काय न्यावयाचें आहे? तात्या गप्प बसत. समाजाला ‘गुलामगिरी’ लिहून हादरविणाऱ्या पुरुषाला गप्प बसवणारी व्यक्ति त्या घरांत एकच होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अन्नदान हें आपल्या घरांना नवें नाहीं. माधुकरी मागणारा, वार लावून जेवणारा विद्यार्थी आपल्या आज्या-पणज्यांनीं लेकराप्रमाणें वाढविला. सोमवारचा मुलगा, गुरुवारचा मुलगा अशा नांवांनीं तो घरांत ओळखला जाई, आणि सणावारीं त्याच्यासाठीं पुरणपोळी झांकून ठेवली जाई. त्या वारांवर शिकून किती मुलें पुढें वकील, मामलेदार, प्राध्यापक झालीं, याला गणती नाहीं. या औदार्याला आम्ही कमी लेखीत नाहीं. पण त्या औदार्याला एक हद्द होती, आणि ती आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आंखलेली असे. पानाच्या मांडणीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सारें जातीनें ठरे. गंज पेठेंतल्या घरानें ती हद्द पुसली. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस मोकळा केला, आणि त्या हौदावरची व घरांतली व्यवस्था जिला रोज पाहावी लागली ती घरची बाई होती. सभेंत ठराव करणें एक, आणि त्या ठरावाप्रमाणें सकाळीं उठून चूल पेटविणें दुसरें.

यापुढचा विषय आपल्या मासिकांत लिहावा कीं न लिहावा, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मतें तो अवश्य लिहावा, आणि घरांतल्या वडील मंडळींनीं वाचून तरुण मंडळींच्या हातीं द्यावा.

गोवंडे यांच्या घरीं काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबोवानें तिला फसविलें आणि तिला दिवस गेले. लपविण्याचे उपाय हरले. मूल जन्मलें, आणि अब्रूच्या भयानें तिनें त्याचा जीव घेतला. प्रेत विहिरींत सांपडलें, खटला उभा राहिला, आणि त्या अनाथ बाईस जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबोवांचें काय झालें, हें विचारण्याचें कारण नाहीं. अशा कथांत त्यांचें कधींच कांहीं होत नाहीं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच पास झाला होता. कायदा कलकत्त्यास झाला. पुण्याच्या माजघरांत तो पोंचला नव्हता.

१८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें. मूल घेऊन जावें कीं ठेवून जावें हें त्यांच्या खुशीवर. राहिलेल्या मुलाचा सांभाळ येथें होईल, अशा मजकुराच्या छापील जाहिराती त्यांनीं भिंतींवर लावल्या. कोणत्या भिंतींवर? जोतीरावांनीं ४ डिसेंबर १८८४ रोजीं मलबारी यांच्या टिपणांवर सरकारास जें लेखी मत कळविलें, त्यांत त्यांनीं तें स्पष्ट लिहिलें आहे : ब्राह्मण राहतात त्या आळ्यांच्या कोपऱ्यांवर. म्हणजे आपले पणजे सकाळीं देवळाकडे जातांना ज्या भिंतीवरून जात, तिच्यावर. कित्येकांनीं त्या फाडल्या असतील, कित्येकांनीं शिव्या दिल्या असतील. पण रात्रीच्या अंधारांत कोणीतरी त्या वाचल्याहि, कारण त्याच लेखांत पुढें आंकडा आहे. त्या वेळेपावेतों ३५ गर्भवती विधवा या घरीं येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं ५ जगलीं. बाकीचीं ३० गेलीं. आणि त्याचें कारणहि जोतीरावांनीं दिलें आहे. गर्भ लपविण्यासाठीं त्यांच्या आयांनीं आधीं जीं विषारी औषधें घेतलीं होतीं, त्यांनीं तीं पोटांतच दुखावलीं होतीं.

या आंकड्यांवरून आम्हांस झरझर पुढें जातां येत नाहीं. बाळंतपण म्हणजे काय, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. पहिलटकरणीला सातव्या महिन्यांत माहेरीं आणावयाचें, डोहाळे पुरवावयाचे, अंधाऱ्या खोलींत शेक-शेगडी, न्हाऊ-माखू, डिंकाचे लाडू, बाळगुटी, पांचवी आणि बारसें. एका जिवाला जगांत आणण्यासाठीं दहा बायका राबतात. या ३५ जणींना माहेर उरलें नव्हतें. त्यांना कोणी मुराळी आणावयास गेला नव्हता. तोंड झांकून, कदाचित् पायीं, वैधव्यानें केशवपन केलेलें मस्तक पदरांत गुंडाळून त्या एका परक्या जातीच्या घराशीं आल्या, आणि दार उघडणारी बाई तेथें होती. तिला स्वतःला कधीं बाळंतपण आलें नव्हतें. दर सात जन्मांमागें सहा मरणें पाहावयाचीं, आणि आठव्या वेळीं पुन्हां पाणी तापत ठेवावयाचें, याला कोणत्या जातीचें काळीज लागतें, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोंपवितों. पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या खटपटीनें अर्भकालय निघालें तें १८७५ सालीं. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथबालिकाश्रम १८९६ चा. त्यांचीं नांवें आपण आदरानें घेतों. त्यांच्याहि कितीतरी आधीं या घरानें दार उघडलें होतें, आणि तें मुख्यतः आपल्या लेकीसुनांसाठीं उघडलें होतें. आपल्या वंशावळींत या ३५ जणींपैकीं एकीचेंहि नांव सांपडणार नाहीं. तीर्थयात्रेस गेली ती परतली नाहीं, अशी एखादी नोंद कोठें सांपडली, तर ती नीट वाचावी.

दुसऱ्या एका प्रसंगाची साक्ष खुद्द सावित्रीबाईंच्या लेखणीची आहे. २९ ऑगस्ट १८६८ चें पत्र, पुन्हां नायगांवाहूनच. पोथीपंचांग सांगत फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचें प्रेम जमलें व मुलगी गरोदर राहिली. गांवच्या जमावानें दोघांना मारीत, वाजतगाजत, ठार मारण्याकरितां चालविलें. सावित्रीबाई धांवत तेथें गेल्या. इंग्रजी कायद्यानें खुनाची सजा काय होते, याचा धाक त्यांनीं घातला, आणि त्या दोघांचे प्राण वांचवून त्यांना पुण्यास जोतीरावांकडे धाडून दिलें. हें पत्र वाचतांना मौज वाटते ती अशी कीं, लिहिणारी बाई आपण कांहीं पराक्रम केला असें कोठेंहि सुचवीत नाहीं. दोन पाहुणे पाठवीत आहें, त्यांची सोय करावी, इतक्या साधेपणानें ती लिहिते.

१८७४ च्या सुमारास काशीबाई याच नांवाची दुसरी एक ब्राह्मण विधवा त्या घरीं बाळंत झाली. मुलगा झाला, आणि तो जगला. त्याची नाळ सावित्रीबाईंनीं स्वतःच्या हातानें कापली, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. या उभयतांनीं त्यास दत्तक घेतलें व त्याचें नांव यशवंत ठेवलें. दत्तक म्हणजे भाऊबंदांतला, गोत्रांतला, निदान जातींतला मुलगा, हा आपला शास्त्रसंमत समज. येथें वंश पाहिला नाहीं, कुंडली पाहिली नाहीं. जें लेंकरूं पदरांत आलें तें आपलें म्हटलें. आप्तांनीं रागें भरावयाचें तितकें भरून घेतलें. १८८७ सालीं जोतीरावांनीं मृत्युपत्र केलें आणि यशवंतास वारस नेमलें. पुढें हाच मुलगा वैद्यकी शिकून डॉक्टर झाला.

त्याच्या लग्नाची अडचण किती मोठी असेल, याची कल्पना करावी. विधवेच्या पोटच्या, बापाचें नांव नसलेल्या मुलाला मुलगी कोण देणार? सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी सासणे यांनीं आपली मुलगी राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजीं सत्यशोधक पद्धतीनें, भटजीवांचून, हें लग्न लागलें. होणाऱ्या सुनेस सावित्रीबाईंनीं लग्नाआधींच घरीं आणून ठेवलें होतें, आणि तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून घरकाम आपण उरकीत, असें सांगतात. सुनेला अभ्यासास बसवून सासूनें भांडीं घासावीं, हें दृश्य आजहि आपल्या किती घरांत दिसेल, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या घरापुरता करावा. शाळा सोडून तीस वर्षें झालीं, तरी बाईंच्या अंगची शिक्षिका गेली नव्हती, एवढेंच येथें दिसून येतें.

मधल्या काळांत दुष्काळ येऊन गेला होता. १८७६ सालीं पाऊस दडी मारून बसला आणि दक्षिणेंत माणसें किड्यामुंग्यांसारखीं मेलीं. सावित्रीबाईंचें तिसरें पत्र या दुष्काळांतलें आहे. २० एप्रिल १८७७ चें, जुन्नर भागांतील ओतूरहून. त्या तेथें सत्यशोधक समाजाच्या मंडळींबरोबर मदतीच्या कामास गेल्या होत्या. सावकारांची लूट, त्यावरून उसळलेले दंगे, कार्यकर्त्यांची धरपकड, आणि शेवटीं कलेक्टरानें त्यांना सोडून ज्वारीच्या गाड्या पाठविल्या, हें सर्व त्यांनीं एखाद्या बातमीदाराच्या स्वच्छ नजरेनें लिहिलें आहे. त्याच सालीं पुण्याजवळ धनकवडीस दुष्काळांत अन्नास महाग झालेल्या मुलांसाठीं ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालविण्यांत आला. शेंकडों माणसांच्या भाकऱ्या थापावयाच्या म्हणजे किती पीठ, किती सरपण, किती हात लागतात, हें लग्नाकार्याच्या घरांतल्या बायकांनाच विचारावें. तें कार्य निदान चार दिवसांत उरकतें. दुष्काळ उरकत नाहीं.

अशा घरांत पैसा टिकत नाहीं, हें उघड आहे. १८८८ सालीं जोतीरावांना पक्षाघात झाला. मिळकत थांबली. तेव्हां मामा परमानंद यांनीं बडोद्याचे सयाजीराव महाराज यांस ३१ जुलै १८९० रोजीं मदतीविषयीं पत्र लिहिलें. त्या पत्रांत त्यांनीं एक मोठी खरी गोष्ट सांगितली आहे : जोतीरावांपेक्षांहि त्यांच्या पत्नीची थोरवी अधिक आहे, आणि इतका त्याग केलेली स्त्री उच्चवर्णीय सुशिक्षित बायकांतहि मिळणें दुर्मिळ. हा अभिप्राय त्या काळच्या एका विद्वान पुरुषानें, कोणतीहि जयंती नसतां, एका खाजगी पत्रांत दिलेला आहे. म्हणूनच आम्ही त्यास फार मान देतों.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. तिरडी उचलण्याच्या वेळींच दत्तक मुलाच्या अधिकाराविषयीं भाऊबंदांनीं वाद काढला. टिटवें धरणारा तो वारस, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे; दुःखाच्या वेळींहि इस्टेटीचा विसर न पडणारे आप्त प्रत्येक जातींत असतात. सावित्रीबाई पुढें झाल्या, त्यांनीं टिटवें स्वतःच्या हातीं घेतलें, प्रेतयात्रेच्या पुढें चालल्या आणि पतीस अग्नि दिला. हिंदु स्त्रीनें त्या काळीं असें करणें ही केवढी गोष्ट होती, हें विस्तारानें लिहिण्याचें कारण नाहीं. आम्हांस त्यांत दुसरीहि एक गोष्ट दिसते. मुलगा सोळासतरा वर्षांचा. चार लोकांदेखत त्याच्या जन्माचा उच्चार होणार होता. आईनें टिटवें उचललें, आणि तो वाद तेथेंच संपला.

त्यानंतर त्या घरांत बसून राहिल्या नाहींत. पतीच्या मागें सत्यशोधक समाजाचें काम त्यांनीं पाहिलें. १८९३ सालीं सासवडास भरलेल्या समाजाच्या परिषदेचें अध्यक्षस्थान त्यांनीं भूषविलें. १८९५ सालीं सून गेली. ज्या मुलीला अभ्यासाला बसवून आपण कामें उपसलीं, तिच्या मरणाचें दुःख त्यांनीं कसें गिळलें असेल, तें त्यांचें त्यांनाच ठाऊक.

१८९७ सालच्या आरंभीं पुण्यांत गांठीच्या सांथीनें थैमान घातलें. त्या वर्षीच्या पुण्याच्या आठवणी आपल्या पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात : घरझडत्या, सोजीर, क्वारंटाइन, ओस पडलेल्या पेठा, शेतांत उभारलेल्या झोंपड्या. रँडसाहेबाच्या वधाची हकीकत पोराटोरांनाहि पाठ असते. पण त्याच वर्षांत, त्याच शहराच्या वेशीबाहेर आणखी एक गोष्ट घडत होती, ती आपल्या घरांत फारशी कोणी सांगत नाहीं. सावित्रीबाईंनीं सैन्यांत डॉक्टर असलेल्या यशवंतास रजा काढून बोलावून घेतलें. हडपसरच्या बाजूस, सासण्यांच्या माळावर, उघड्या हवेंत त्यांनीं रोग्यांसाठीं दवाखाना घातला. माणसें आपल्याच रोग्याला टाकून पळत होतीं. आजार लपवून ठेवीत होतीं, कारण कळलें तर घर जाईल, माणूस जाईल आणि जातहि जाईल. ६६ वर्षांची ही बाई रोगी शोधून आणीत होती.

मुंढव्याच्या गांवकुसाबाहेरील महारवाड्यांत गायकवाड यांच्या घरीं एका लहान मुलाला गांठ आली, असें कळलें. सावित्रीबाई तेथें गेल्या, आणि त्यास पाठीवर घेऊन माळावर आल्या. यशवंताच्या उपचारांनीं तो मुलगा उठला, असें सांगतात. सावित्रीबाईंना मात्र त्याच तापानें धरलें, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. त्यांच्या डॉक्टर मुलाचें वय तेव्हां अवघें तेविशीच्या घरांतलें होतें.